हर्नियाच्या जाळीची नोंद मागून घ्या, जपून ठेवा

ज्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले आहे किंवा ठरले आहे, त्या सर्वांना आणि त्यांच्या घरच्यांना हे कळकळीचे आवाहन.

पोटाच्या कमकुवत भागाला आधार म्हणून जाळी बसवू लागल्यापासून हर्निया उलटण्याचे प्रमाण बरेच घटले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याच्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांनी तर मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि गरिबालाही परवडेल अशी जाळी दाखवून दिली. तेव्हा जाळीच्या धास्तीने ऑपरेशन टाळू नका.

मात्र त्रास झाला, तर मुकाट्याने सोसूही नका. जांघेच्या हर्नियानंतर सुमारे १० ते १२ टक्के रुग्णांना तीन महिने उलटल्यावरही त्रासदायक वेदना राहतात. काहींच्या जाळीत जंतुसंसर्ग होतो, तोही कधी कधी काही वर्षांनी. जाळी आकसते, सरकते, क्वचित आतड्याला चिकटते. ‘ऑपरेशन झालंय, दुखणारच’ म्हणत लोक पट्टा बांधून कामाला लागतात. शेवटी दुसऱ्या डॉक्टरकडे जातात, तेव्हा कागदावर ‘मेश रिपेअर’ एवढेच दोन शब्द असतात. जाळी कोणती, कुठल्या बॅचची, कोणालाच सांगता येत नाही.

ही नोंद किती मोलाची, ते २०१६ साली दिसले. जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये कोणाला कोणती जाळी बसवली, याच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. इथिकॉन कंपनीच्या ‘फिजिओमेश’ जाळीनंतर हर्निया जास्त उलटतो, हे त्या नोंदींतूनच उघड झाले आणि कंपनीने ती बाजारातून काढून घेतली.

म्हणून एवढे कराच:

१. ऑपरेशनआधी विचारा : जाळी लागणारच का? कोणती? पुढे काय त्रास संभवतो?

२. जाळीच्या पाकिटावरचे कंपनी, प्रकार व बॅच क्रमांकाचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागा. जुने ऑपरेशन असेल, तर रुग्णालयात लेखी अर्ज करा.

३. ताप, लाली, पू किंवा न थांबणारे दुखणे असेल, तर सर्जनला दाखवा. उलट्या होऊन पोट फुगले, शौच-वायू बंद झाला, तर तातडीने रुग्णालय गाठा.

४. त्रास सरकारला कळवा. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये होते. रुग्णही तेथे तक्रार नोंदवू शकतो.

डॉक्टरांनाही विनंती : रुग्णाने मागण्याची वाट पाहू नका, स्टिकर आपणहून द्या.

जाळी जन्मभर शरीरात राहते. तिचा कागदही तितकाच काळ तुमच्या हाताशी असला पाहिजे. आजच फाइल उघडून पाहा.