नदीचे पंचांग पाहून ठरवावा असा प्रवास

परदेशप्रवासाचे नियोजन बहुधा विमानाच्या भाड्यापासून सुरू होते. ब्राझीलमधील मनाऊस या शहराच्या बाबतीत मात्र ते नदीपासून सुरू करावे लागते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे तीन अंशांवर, रिओ नेग्रो नदीच्या काठी हे शहर वसले आहे. लोकसंख्या २० लाखांहून अधिक, आणि चहूबाजूंस ॲमेझॉनचे अरण्य. समुद्र येथून सुमारे १५०० किलोमीटर दूर असूनही मोठी मालवाहू जहाजे नदीमार्गे थेट या शहरापर्यंत येतात. अलीकडे निवृत्तीनंतर दूरदेशी जाणाऱ्या दांपत्यांच्या यादीत दक्षिण अमेरिकेचे नाव दिसू लागले आहे. त्यांच्यासाठी या शहराचा विचार थोड्या विस्ताराने करणे उपयुक्त ठरेल.

पहिला प्रश्न ऋतूचा. मनाऊसमध्ये साधारणपणे डिसेंबर ते मे हा पावसाचा काळ असतो. नदी मात्र पावसाच्या मागून चढते आणि जूनच्या सुमारास तिची पातळी सर्वाधिक असते. त्या वेळी अरण्याचा मोठा भाग पाण्याखाली जातो आणि होडी झाडांच्या शेंड्यांमधून चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीच नदी कित्येक मीटर खाली उतरते, वाळूचे किनारे उघडे पडतात आणि आतल्या ओढ्यांत होडी जाऊ शकत नाही. २०२३ आणि २०२४ या लागोपाठच्या वर्षांत तर तिने नीचांकी पातळी गाठली आणि काठावरच्या अनेक वस्त्यांचा जलमार्गच तुटला. म्हणून जूनचा महिना सोयीचा. पाऊस ओसरलेला असतो, पाणी भरपूर असते, आणि चातुर्मासात प्रवास टाळणाऱ्या कुटुंबांना आषाढी चतुर्दशीपूर्वी घरी परतताही येते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तोच बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. ब्राझील हा पीतज्वराच्या देशांपैकी एक आहे. तेथून भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही लस शासनमान्य केंद्रांतच मिळते, प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि त्यानंतर आयुष्यभर चालते. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून हे काम होत नाही.

येथे साठी ओलांडलेल्यांनी थांबून विचार केला पाहिजे. ही लस जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. साठीनंतर ती प्रथमच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणामांची शक्यता, अगदी विरळ असली तरी, तरुणांपेक्षा अधिक असते. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर ती देतही नाहीत. शिवाय ही लस कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढवलेली असते. ज्यांना अंड्याची ॲलर्जी आहे त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावे. ज्यांना व्रताच्या दृष्टीने प्रश्न पडतो त्यांनी तो लसीकरण केंद्राच्या दारात नव्हे, तर तिकीट काढण्यापूर्वी घरात बसून सोडवावा. पतीने लस घ्यावी आणि पत्नीला डॉक्टरांनी मनाई करावी, असा प्रसंग तिकिटांचे पैसे भरून झाल्यावर आला तर नुकसान केवळ पैशांचे राहत नाही. म्हणून क्रम असा असावा : प्रथम डॉक्टर, मग लस, मग व्हिसा आणि सर्वांत शेवटी तिकीट. अरण्यातील निवासात राहायचे असल्यास मलेरियाविषयीही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

मुंबईहून ब्राझीलला जाताना आखाती देश, आफ्रिका किंवा युरोपमार्गे साओ पावलो गाठावे लागते. तेथून मनाऊस विमानाने सुमारे चार तासांवर आहे. तेथील घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे चालते. एवढ्या प्रवासानंतर पहिला दिवस विश्रांतीसाठी मोकळा ठेवणे हा खर्च नव्हे, ती बचतच आहे. चलन रेआल. रुपये तेथे बदलून मिळण्याची आशा धरू नये. थोडे डॉलर आणि दोन वेगवेगळी कार्डे जवळ असावीत.

भोजनाची चिंता वाटते तितकी मोठी नाही, पण सावधगिरी हवी. भात आणि घेवड्याची उसळ सर्वत्र मिळते. मात्र त्या उसळीत मांसाचे तुकडे घालण्याची पद्धत असल्यामुळे प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. केळी, पपई, अननस, आसाई आणि कुपुआसू ही फळे विपुल आहेत. ब्राझील नट तर याच अरण्यातला. तेथील मुख्य अन्न म्हणजे मानिओक नावाचा कंद. त्याचे भरड पीठ प्रत्येक जेवणावर भुरभुरतात आणि त्याच्याच सत्त्वाची टॅपिओका नावाची पांढरी धिरडी सकाळी न्याहारीला करतात. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यासोबत हेही ध्यानात यावे की महाराष्ट्रात उपवासाला चालणारा साबुदाणा याच कंदापासून बनतो आणि या कंदाचे मूळ घर दक्षिण अमेरिकाच आहे. काजू, पेरू आणि अननस हेही त्याच खंडातून पोर्तुगीज काळात आपल्याकडे आले.

पाहण्यासारखे काय आहे? शहराच्या खाली रिओ नेग्रोचे काळसर पाणी आणि सोलिमोएसचे गढूळ, पिवळट पाणी एकत्र येते. तापमान, वेग आणि घनता भिन्न असल्यामुळे हे दोन प्रवाह सुमारे सहा किलोमीटर एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात. रिओ नेग्रोचे पाणी आम्लधर्मी असल्याने तिच्या काठी डास तुलनेने कमी असतात, ही बाब निवासाची जागा निवडताना उपयोगी पडते.

शहराच्या मध्यभागी तेआत्रो आमाझोनास हे नाट्यगृह आहे. ३१ डिसेंबर १८९६ रोजी ते खुले झाले. त्याच्या घुमटावर ब्राझीलच्या ध्वजाच्या रंगांतील सुमारे ३६,००० कौले बसवलेली आहेत. संगमरवर इटलीहून आला, लोखंड ब्रिटनमधून आले. अरण्याच्या मध्यावर हा थाट शक्य झाला तो रबरामुळे. तेव्हा जगाला लागणारे बरेचसे रबर याच प्रदेशातील रानटी झाडांचा चीक काढून मिळत असे.

त्या वैभवाचा ताळेबंद मात्र दोन बाजूंचा आहे. चीक काढणाऱ्या मजुराला हत्यारे आणि धान्य उधारीवर चढ्या भावाने मिळत असे, आणि त्याचा चीक उतरत्या भावाने घेतला जात असे. त्याचे खाते कधीच बेबाक होत नसे. मूळ रहिवाशांवर तर याहून भयंकर अत्याचार झाले. दुसरीकडे, १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवल्या. त्यांतून उगवलेली रोपे श्रीलंका आणि मलायात गेली. केरळातील रबराचे मळेही त्याच वंशातले. १९१० नंतर आशियातील मळ्यांचे स्वस्त रबर बाजारात आले आणि काही वर्षांतच मनाऊसची भरभराट संपली. एकाच मालावर उभी असलेली श्रीमंती किती लवकर ओसरते, याचा दाखला म्हणून ते नाट्यगृह आजही उभे आहे. १९६७ मध्ये मुक्त व्यापारक्षेत्र स्थापन झाल्यानंतर शहराला पुन्हा उद्योगांचा आधार मिळाला.

या प्रवासासाठी किमान सहा महिने आधी तयारीला लागावे. नाट्यगृह, नदीसंगम आणि अरण्यातील दोन रात्री यांसाठी पाच दिवस पुरतात. घरातील ज्येष्ठांपैकी एकाला लस निषिद्ध ठरली, तर दोघांनी मिळून दुसरे ठिकाण निवडावे. एकट्याने पाहिलेल्या नदीचे वर्णन घरी येऊन ऐकवण्यापेक्षा, दोघांनी मिळून पाहिलेली जवळची नदीही अधिक समाधान देते.