खोलीचा फोटो आणि भिंतीवरची तसबीर

आपल्या वस्त्यांतून अलीकडे एक नवा जोडधंदा उभा राहताना दिसतो. रेल्वेतून, एस. टी.तून, शाळेतून किंवा दवाखान्यातून निवृत्त झालेला माणूस फंडाच्या पैशातून घरावर दोन खोल्या चढवतो. लेक नागपूरला नांदते, मुलगा पुण्याला नोकरीला. खोल्या रिकाम्याच राहतात. मग कोणीतरी सुचवते की पाहुणे ठेवा, चार पैसे मिळतील.

वर्धा जिल्ह्यात पाहुण्यांना तोटा नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील रुग्णालय येथे दूरदूरच्या गावांहून रोगी येतात. रोग्याबरोबरच्या नातेवाइकांना चार रात्री डोके टेकायला जागा हवी असते. हिंदी विश्वविद्यालयात शिकणाऱ्या मुलांचे आईबाप येतात. सेवाग्राम आणि पवनारचे आश्रम पाहणारे येतात. बोरचे अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले, त्या वेळी देशातला सर्वांत लहान. ते पाहायला हिंगणी, बोरधरणकडे गाड्या वळतात. जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेने उभा राहिलेला विश्वशांती स्तूप वर्ध्यातच आहे. आणि दीक्षाभूमी येथून जेमतेम पाऊणशे किलोमीटर. तेव्हा माणसे येतात. ती आपल्या दारी येतील की नाही, एवढाच प्रश्न.

पूर्वी स्टेशनवर उतरलेला माणूस पानठेल्यावर विचारून लॉज शोधत असे. आता तो गाडीत बसल्या बसल्याच मोबाइलवर शोधतो. त्याला आपले घर दिसत नाही, आपला स्वभाव दिसत नाही, आपल्या हातची भाजी-भाकर कळत नाही. त्याला फोटो दिसतो. त्यावरून तो ठरवतो आणि पुढे सरकतो.

याच संदर्भात सेलू तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांनी दोन खोल्या काढल्या. फोटो काढण्यासाठी ओळखीच्या मुलाला बोलावले. मुलगा आपल्याच समाजातला. त्याने पलंग सरकवला, चादर बदलायला लावली आणि मग म्हणाला, "काकू, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तेवढा काढून ठेवा. भगवान बुद्ध चालतील, पण बाबासाहेब दिसले की काही लोक बुकिंग करत नाहीत." बाईंनी विचारले आहे, काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. पण आधी फोटोचे बोलू, कारण नुसत्या अभिमानाने खोली भरत नाही. फोटो वाईट असेल तर तो कोणाचाही असो, पाहुणा येत नाही.

चांगल्या फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. घरातला साधा मोबाइल पुरतो. पण त्याची काच आधी पुसा. मोबाइल खिशात, पर्समध्ये, स्वयंपाकघरात फिरतो. काचेवर तेलाचे बोट लागलेले असते आणि मग सगळा फोटो धुरकट येतो. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा यासाठी सगळ्यात बरा.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि फोटोचे निम्मे काम तिथेच होते. खिडकी पूर्वेला असेल तर सकाळी सात ते नऊ, पश्चिमेला असेल तर दुपारी चारनंतर. आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हात भर दुपारी फोटो काढाल तर खिडकी पांढरीफटक आणि खोली काळीकुट्ट येईल. खिडक्या-दारे सताड उघडा, पातळ पडदा असेल तर ओढून घ्या म्हणजे ऊन गाळून येते. दिवसा फोटो काढताना ट्यूबलाइट आणि पिवळा दिवा बंद ठेवा. सूर्याचा उजेड आणि दिव्याचा उजेड यांचे रंग वेगळे असतात, ते एकत्र आले की भिंतीवर निळे-पिवळे डाग पडल्यासारखे दिसतात. फ्लॅश तर मुळीच वापरू नका.

मोबाइल आडवा धरावा. उंची छातीएवढी. उभे राहून डोळ्याच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत पलंग बुटका दिसतो आणि फरशीच फार येते. खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीला पाठ टेकून उभे राहा आणि समोरचा कोपरा धरा. दोन भिंती दिसल्या की खोलीचा अंदाज येतो. दाराची चौकट फोटोत सरळ उभी दिसली पाहिजे. ती तिरकी झाली की पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण घर डगमगते आहे असे वाटते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात आडव्या-उभ्या रेघांची जाळी चालू करता येते. मुलांना सांगा, ते क्षणात करून देतील. हात हलत असेल तर तीन सेकंदांचा टायमर लावून मोबाइल स्टुलावर ठेवावा.

फोटोआधी खोली आवरायची हे सांगायला नको. पण आपल्याच घरातल्या वस्तू आपल्याला दिसेनाशा झालेल्या असतात. दोरीवरचा टॉवेल, खिळ्याला अडकवलेल्या पिशव्या, पलंगाखालची ट्रंक, कुलरची लोंबणारी वायर, दुकानदाराने दिलेले तीन वर्षांपूर्वीचे कॅलेंडर. एक फोटो काढा, तो मोठा करून पाहा आणि त्यात खटकेल ते उचला. मग पुन्हा काढा. एका खोलीचे दहा काढून एक ठेवावा.

आणि संडास-न्हाणीघराचा फोटो हवाच. आपल्या लोकांना याची लाज वाटते, पण पाहुणा, त्यातही बाई माणूस, सगळ्यात आधी तेच शोधते. ऑपरेशन झालेल्या सासूला घेऊन येणाऱ्या सुनेला पलंगाच्या नक्षीचे काय? तिला कमोड आहे की नाही, पायऱ्या किती आणि कठडा आहे का, गरम पाण्याची सोय काय, हे पाहायचे असते. तेव्हा जिन्याचा फोटो टाका. रस्त्यावरून घर कसे दिसते त्याचा टाका, रात्री उशिरा येणाऱ्याला ओळखू येईल असा. गाडी कुठे लागेल ते दाखवा. ओट्यावर पोहे-तर्रीची बशी ठेवून एखादा काढलात तर उत्तम, मात्र पोहे गरम असावेत; थंड पोह्यांचा फोटोही थंडच येतो.

एकेकाळी हीच गोष्ट परदेशातही कळली नव्हती. घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्याची सोय करणारी एअरबीएनबी ही अमेरिकन कंपनी २००९ साली धडपडत होती. तिचे संस्थापकच सांगतात की न्यूयॉर्कमधल्या घरमालकांनी टाकलेले फोटो अंधारे आणि वेडेवाकडे होते. ते स्वतः कॅमेरा भाड्याने घेऊन दारोदार फिरले, खोल्यांचे फोटो काढले आणि थोड्याच दिवसांत आठवड्याची कमाई दुप्पट झाली. खोल्या त्याच होत्या.

फोटो चांगला काढणे वेगळे आणि फोटोत खोटे बोलणे वेगळे. हल्लीच्या मोबाइलमध्ये एक रुंद भिंग असते; त्यातून दहा बाय दहाची खोली सभागृहासारखी दिसते. पाहुणा दार उघडतो आणि त्याचे तोंड उतरते. मग तो तेच इंटरनेटवर लिहितो आणि ते पुसता येत नाही. आपण बुद्ध विहारात पंचशील घेतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. ते तोंडापुरते आहे आणि मोबाइलला लागू नाही असे कोठे सांगितले आहे? दुसरे शील न दिलेले न घेण्याचे. दुसऱ्याच्या हॉटेलचा किंवा नेटवरचा फोटो उतरवून आपल्या खोलीखाली चिकटवणे हे त्यातच मोडते. असे उतरवलेले फोटो धड जुळतही नाहीत. दारूबंदी असलेल्या आपल्या जिल्ह्यात टेबलावर उंच ग्लास मांडलेला फोटो टाकला, तर पाहणारा हसेल नाही तर पोलीस चौकशी करतील. पाहुण्यांचे, त्यांच्या लेकराबाळांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नयेत. दवाखान्यासाठी आलेल्या माणसाचा तर विचारूही नये.

आता पत्रातला प्रश्न.

उतरायला जागा मागणे आणि ती नाकारली जाणे, ही आपल्या इतिहासातली किरकोळ बाब नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी तेथे गेले तेव्हा अमेरिकेतल्या शिक्षणाचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही. हिंदू हॉटेल जागा देणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. रोजचे दीड रुपया भाडे. वरच्या मजल्यावर विजेचा दिवा नाही, अडगळीचे सामान, सोबतीला वटवाघळे आणि रखवालदाराने आणून दिलेला एक कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. बाबासाहेबांनी जागा सोडली आणि गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. सयाजीबागेतल्या त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले येथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही असे लिहिले गेले. ते लिहिणाऱ्यांमध्ये धर्मशाळेतून बाहेर काढला गेलेला तो माणूस होता.

म्हणजे ज्यांना एके काळी जागा नाकारली गेली, त्यांची लेकरे आता जागा देणारी झाली. आणि तिथे कोणी म्हणते की बाबासाहेबांना भिंतीवरून उतरवा, म्हणजे गिऱ्हाईक येईल. शंभर वर्षांपूर्वी त्यांना खोटे नाव लावून राहावे लागले. आज आपण आपले नाव झाकून घर चालवायचे काय?

त्या मुलाला मात्र रागावू नका. त्याने पाहिले तेच सांगितले. फोटो पाहून माणूस हिशेब करतो, ही गोष्ट खोटी नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली न्यूयॉर्कमधील खोल्यांचा अभ्यास केला. घरमालकांचे फोटो तेथे दिसतात. खोली सारखीच असली तरी काळे नसलेले घरमालक काळ्या घरमालकांपेक्षा सुमारे १२ टक्के जास्त भाडे मिळवत होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात काळ्या माणसांत आढळणाऱ्या नावांनी खोली मागितली, तर होकार १६ टक्क्यांनी कमी मिळत होते. ओरड झाल्यावर २०१८ साली कंपनीने नियम बदलला, की पाहुण्याचा फोटो घरमालकाला बुकिंग पक्के झाल्यानंतरच दिसेल. तिकडे जे रंगाने होते ते इकडे आडनावाने आणि तसबिरीने होते. म्हणून दोन-चार बुकिंग जातील हे धरून चला. कोणी "काही होत नाही" म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

पण जाणारे गिऱ्हाईक कोणते, हेही पाहा. जो फोटोत बाबासाहेब पाहून पुढे सरकतो, तो फोटोत न दिसता खोलीत दिसले तर काय करील? रात्री नऊ वाजता बॅग घेऊन दारात उभा राहील, तुमच्या माठातले पाणी पिणार नाही, ताटाला हात लावणार नाही, आणि तुमच्या घरातल्या लहान मुलांदेखत. तो आपणहून मोबाइलवरच वळून गेला, तर त्यात तुमचा तोटा तेवढा नाही. उलट दीक्षाभूमीला जाणारे कुटुंब, स्तूप पाहायला आलेले उपासक, इतकेच काय, जातीचे काही देणेघेणे नसलेला साधा प्रवासी, त्यांना ती तसबीर पाहून घर कोणाचे आहे ते कळते. त्यातल्या कित्येकांना हायसे वाटते. आपल्या मुलीला एकटीला मुलाखतीसाठी वर्ध्याला पाठवणारा यवतमाळचा बाप हाच फोटो शोधत असेल.

एक वेगळा मुद्दा आहे, तो मान्य करायला हवा. तसबीर दिसावी म्हणून ती पलंगाच्या बरोबर वर लटकवून, हार घालून, फोटोभर तीच करणेही बरे नव्हे. पाहुण्याला खोली पाहायची आहे. जिथे ती नेहमी असते, बैठकीच्या भिंतीवर, तिथेच राहू द्या आणि बैठकीच्या फोटोत ती आपोआप येऊ द्या. ज्या खोलीत नसेल तिथे मुद्दाम न्यायची गरज नाही. लपवायची नाही आणि मिरवायचीही नाही. घर जसे आहे तसे.

ती काढताना मात्र एक अडचण हमखास येते. काचेवर समोरच्या खिडकीची किंवा ट्यूबलाइटची चमक पडते आणि बाबासाहेबांचा चेहराच पांढरा होतो. अशा वेळी समोरच्या खिडकीवर गडद चादर टाका, दिवा बंद करा आणि अगदी समोर न राहता हातभर बाजूला उभे राहा. तरीही चमक गेली नाही, तर तसबिरीच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी सरकवा, म्हणजे ती किंचित पुढे झुकते आणि उजेड खाली फरशीकडे जातो. काच आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसावी. धूळ डोळ्याला दिसत नाही पण फोटोत दिसते.

फोटो झाले की गुगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद करावी. त्याला पैसे पडत नाहीत. दहा-पंधरा फोटो पुरे. प्रत्येकाखाली एक ओळ मराठीत आणि एक हिंदीत लिहा: पायऱ्या किती, सेवाग्राम स्टेशन किती दूर, दवाखान्याला जायला ऑटो मिळतो की बस. अंतर मोजून लिहा, अंदाजाने नको. स्वतःच्या घरातल्या मुलांचे चेहरे फोटोत येऊ देऊ नका. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पलंग बदलला, कुलर नवा आणला, की त्याच आठवड्यात फोटोही बदला.

निवास-न्याहारी योजनेतल्या नोंदणीविषयी बऱ्याच जणांनी विचारले आहे. त्याचे कागदपत्र आणि खर्च पुढच्या अंकात पाहू.