गाडीतल्या बंदुकीवर नजर कुणाची?

गावी जायची तिकिटं काढायची वेळ आली की आमच्या घरात एकच वाद होतो. मी म्हणते कोकणकन्या बघू, रात्री बसलं की सकाळी पोचलो. सासरे म्हणतात, "नको बेटा, दिवसाची मांडवीच बघ." ते घाबरट नाहीत. आयुष्यभर पनवेलहून हार्बरने नोकरीला गेलेले आहेत. पण ३१ जुलै २०२३ नंतर रात्रीची गाडी त्यांनी सोडली ती सोडलीच. गेल्या ईदला तर माझ्या नवऱ्याने स्टेशनच्या जिन्यावर त्यांना हळूच सांगितलं, "अब्बा, टोपी खिशात ठेवा." त्यांनी ठेवली नाही. मुलं ऐकत होती, हे मला जास्त लागलं.

त्या पहाटे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये प्रवाशांच्या रक्षणासाठी दिलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या, म्हणजे आरपीएफच्या, एका हवालदाराने आधी आपले वरिष्ठ टीकाराम मीणा यांना आणि मग वेगवेगळ्या डब्यांतल्या तीन मुस्लिम प्रवाशांना गोळ्या घातल्या, असा आरोप आहे. त्याला मीरा रोडजवळ पकडलं. बोरीवलीच्या लोहमार्ग पोलिसांनी गुन्हा नोंदवला, धर्माच्या नावाने वैर पसरवल्याचं कलमही पुढे लावलं. खटला हे कोर्टाचं काम, त्यावर मी काही बोलणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या माणसाच्या हातात त्या दिवशी बंदूक होती, ती देण्याआधी तपासायचं काम कुणाचं होतं? आणि ते काम नीट झालं की नाही, हे नंतर कुणी तपासलं?

ऑगस्टमध्ये त्याला बडतर्फ केलं तेव्हा त्याच्या नोकरीतली जुनी प्रकरणंही बातम्यांत आली. २०१७ मध्ये उज्जैनला एका मुस्लिम माणसाला त्रास दिल्याचं प्रकरण त्यात होतं. म्हणजे दप्तरात नोंद होती. घटनेच्या दोनच दिवसांनी रेल्वेकडून त्याच्या मानसिक आजाराबद्दल एक निवेदन आलं आणि काही तासांत मागेही घेतलं गेलं. चौकशीसाठी रेल्वे बोर्डाने पाच जणांची उच्चस्तरीय समिती नेमली. तिचे प्रमुख आरपीएफचेच अतिरिक्त महासंचालक.

इथे थोडं थांबू या. वर्गात एखाद्या मुलाला मारल्याची तक्रार माझ्याविरुद्ध आली आणि चौकशीला मुख्याध्यापकांनी माझीच नेमणूक केली, तर पालक काय म्हणतील?

रेल्वेला बाहेरच्या माणसाकडून चौकशी करून घ्यायची सवय नाही असं म्हणावं, तर तसंही नाही. त्याच वर्षी २ जूनला ओडिशात बालासोरजवळ गाड्यांची टक्कर होऊन २९० हून जास्त माणसं गेली. त्याची वैधानिक चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी केली आणि दोष सिग्नल विभागाच्या कामात दाखवला. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाहीत, ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. रेल्वेची तपासणी रेल्वेनेच करू नये म्हणून इंग्रजांच्या काळातच, १९४१ मध्ये, हे खातं रेल्वे बोर्डापासून वेगळं केलं गेलं. रूळ तुटला, सिग्नल चुकला तर बाहेरचा अधिकारी येतो. रखवालदाराची बंदूक चुकली तर घरातलाच येतो. आपल्या भाषेत दोन्हींना 'सुरक्षा'च म्हणतात, त्यामुळे हा फरक लक्षातही येत नाही.

आता आपल्या दारातलंच विमानतळ घ्या. नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तिथे चालवणारी कंपनी वेगळी. पहारा सीआयएसएफचा, ते दल गृह मंत्रालयाचं. आणि सुरक्षेचे नियम ठरवून ते पाळले जातात का हे बघणारा नागरी विमान सुरक्षा ब्युरो तिसराच, विमान वाहतूक मंत्रालयाखालचा. हे शहाणपणही काही आपोआप आलं नाही. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर २००० पासून विमानतळं सीआयएसएफकडे द्यायला सुरुवात झाली. तिथे सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही, आपल्या नावामुळे तिथेही जास्तीची तपासणी अनुभवलेले लोक आहेत. पण निदान पहारेकरी, मालक आणि तपासनीस एकाच घरातले नाहीत. रेल्वेत गाडी, पहारा आणि पहाऱ्याची चौकशी सगळं एकाच मंत्रालयाचं.

राज्याच्या पोलिसांबाबत थोडी सोय आहे. सप्टेंबर २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह खटल्यात प्रत्येक राज्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण हवं असं सांगितलं, महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून ते आणलं. लोहमार्ग पोलीस राज्याचे, त्यांच्याविरुद्ध तिथे दाद मागता येते. आरपीएफ मात्र १९५७ च्या कायद्याखालचं केंद्राचं सशस्त्र दल. मानवी हक्क आयोगाकडे गेलात तरी केंद्राच्या सशस्त्र दलांबाबत आयोग स्वतः तपास करत नाही, सरकारकडून अहवाल मागवतो आणि शिफारस करतो. फिरून पुन्हा तिथेच.

आणि देखरेख नसण्याची किंमत आपण दोन्ही बाजूंनी मोजतो. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, १८९ माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना खरा गुन्हेगार हवा होता. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप झाली. एक जण सुटला, तो पेशाने शिक्षक होता. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. एकाचा तोवर तुरुंगातच कोविडने इंतकाल झाला होता. सुप्रीम कोर्टाने पुढे हा निकाल दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही. एकोणीस वर्षं तपास चुकत गेला असेल तर तो चुकतोय हे वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. यात १८९ घरांना तरी काय मिळालं?

ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत एका वृद्ध माणसाला गोमांसाच्या संशयावरून मारहाण झाली. ते लेकीकडे कल्याणला निघाले होते. व्हिडिओ पसरल्यावर ठाणे लोहमार्ग पोलिसांनी गुन्हा नोंदवला, पहिल्यांदा जामिनाची कलमं लावली, आरडाओरड झाल्यावर कलमं वाढवली. भरलेल्या डब्यात १३९ नंबर कुणी फिरवला असता तर? हा नंबर आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही, पालकसभेत विचारलं तर चार हात वर आले.

तेव्हा एवढं माहीत असू द्या. गाडीत काही झालं तर १३९. मारहाण, धमकी, चोरी यांचा गुन्हा आरपीएफ नोंदवत नाही, तो लोहमार्ग पोलीस नोंदवतात, म्हणून "आरपीएफवाल्याला सांगितलं" यावर थांबू नका. घटना खेड-चिपळूणकडे घडली असली तरी पनवेलला उतरून तक्रार देता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

राहिला चौकशीचा प्रश्न. रेल्वे बोर्डाच्या आदेशाने बसलेल्या समितीचा अहवाल संसदेत ठेवायचं कायद्याने बंधन नाही. पण खासदार विचारू शकतात. पनवेल मावळ मतदारसंघात येतं. जयपूर एक्स्प्रेसच्या समितीने काय लिहिलं, हत्यार देण्याआधी जवानाच्या जुन्या तक्रारी आता बघतात का, आणि आरपीएफच्या चौकशीसाठी रेल्वेबाहेरचा अधिकारी का नाही, हे तीन प्रश्न मी मराठीत लिहून काढलेत. जुम्याच्या नमाजनंतर सह्या घेऊ असं मोहल्ला कमिटीचे लोक म्हणालेत. सासऱ्यांनी पहिली सही आत्ताच करून ठेवली आहे, तिकिटं मात्र मांडवीचीच काढलीत.