शर्यतही जिंकायची, घरच्यांना फिरवायचंही: एकच शिडाची नौका दोन्ही करू शकते का?

जुलै 2025 मध्ये इंग्लंडच्या काउज बंदरातून फास्टनेट शर्यत सुटली. 1925 साली 7 नौकांनी सुरू झालेल्या या शर्यतीचं हे शताब्दी वर्ष होतं आणि यावेळी 400 हून जास्त नौका उतरल्या होत्या. आयर्लंडच्या दक्षिण टोकाजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून फ्रान्सच्या शेरबूर बंदर गाठायचं, अंतर 695 सागरी मैल.

एकूण विजेतेपद मिळालं ते साधारण 34 फुटी 'लेओन' या नौकेला. तिच्यावर माणसं होती फक्त दोन: जाँ-पिएर केलबेर आणि अलेक्सी लोआसाँ. केलबेर हे ही नौका बांधणाऱ्या जेपीके कंपनीचे संस्थापक. लोआसाँ यांनी 2013 मध्ये हीच शर्यत वडिलांसोबत जिंकली होती, तीही जेपीकेच्याच 33 फुटी नौकेवर.

म्हणजे एवढी मोठी शर्यत दोन माणसं चालवू शकतील अशी छोटी नौका जिंकते. मग तीच नौका सुट्टीत कुटुंबाला घेऊन का जाऊ नये? जाऊ शकते. पण त्यासाठी काय सोडावं लागतं, हे समजून घ्यायला हवं.

छोटी नौका मोठीला हरवते कशी?

अशा शर्यतीत हँडिकॅप असतो. प्रत्येक नौकेची लांबी, वजन, शिडाचं क्षेत्रफळ मोजून तिला एक आकडा दिला जातो. लागलेल्या वेळेला त्या आकड्याने गुणतात. एखाद्या नौकेचा आकडा 1.020 असेल आणि तिला 100 तास लागले, तर निकालात 102 तास धरले जातात. आकडा 0.990 असेल, तर 99 तास.

त्यामुळे डिझायनरचं लक्ष फक्त वेगावर नसतं. नियमाला जेवढी वेगवान 'वाटते' त्यापेक्षा थोडी जास्त वेगवान नौका त्याला बनवायची असते. आणि नियम चुकीच्या गोष्टीला बक्षीस देत असेल, तर नौकाही चुकीच्या दिशेने बदलतात.

1979 मध्ये नेमकं काय घडलं?

त्या वर्षीच्या फास्टनेटमध्ये 303 नौका होत्या. वाटेत वादळाने गाठलं. 15 स्पर्धकांचा मृत्यू झाला, 24 नौका सोडून द्याव्या लागल्या आणि त्यातल्या 5 बुडाल्या.

तेव्हाच्या आयओआर नियमात कमी स्थिर नौकेला हँडिकॅपमध्ये फायदा मिळायचा. म्हणून नौका हलक्या आणि रुंद झाल्या होत्या. रुंद नौका थोडी कलली तर ठीक असते. पण पूर्ण उलटी झाली, तर त्याच रुंदीमुळे ती उलटीच तरंगत राहू शकते.

चौकशीत दोन नौकांची तुलना झाली. 'ग्रिमॉल्किन' ही शर्यतीची नौका सुमारे 117 अंशांपर्यंत कलली तरच स्वतःहून सरळ होऊ शकत होती. 'कॉन्टेसा 32' या अरुंद, जड नौकेसाठी हीच मर्यादा 150 अंशांहून जास्त होती. सर्वात छोट्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव नौका कॉन्टेसा 32 च होती.

आज युरोपात विकल्या जाणाऱ्या नौकांना स्थिरतेचे ठरलेले निकष पाळावे लागतात आणि ए ते डी असा दर्जा मिळतो. खोल समुद्रासाठीचा दर्जा ए.

मग तडजोड कुठे होते?

वजन: कुटुंबासाठी 200 लिटर पाणी भरलं की 200 किलो वाढले. त्यात फ्रिज, मुलांचं सामान, जास्तीचा नांगर. हलकी नौका लाटेवर घसरत वेग घेते, पण भरल्यावर तिचा हा गुण झपाट्याने कमी होतो. जड नौकेला सामानाचा फरक कमी पडतो.

कील: नौकेच्या पोटाखालचा हा जड पंखा तिला उभं ठेवतो. तो जितका खोल, तितका शर्यतीत फायदा. पण खोल कील घेऊन उथळ बंदरात शिरता येत नाही.

मागची रुंदी: रुंद मागच्या भागामुळे वेग वाढतो आणि आत झोपायची जागाही मिळते. पण नौका कलली की मधलं सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागतं. म्हणून आता अनेक नौकांना दोन सुकाणू असतात: एक वर आलं तरी दुसरं पाण्यात राहतं.

माणसं: शर्यतीत शीड बदलायला आठ जण असू शकतात. सुट्टीत बहुतेकदा दोनच, आणि त्यातला एक मुलांकडे बघत असतो. इथेच दोघांच्या शर्यतींचा कुटुंबांना फायदा होतो. दोघांना झेपेल अशी शिडांची आणि दोऱ्यांची मांडणी घरच्यांनाही झेपते.

या तडजोडीत दुसरं टोकही आहे. गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या 56 फुटी 'तारिणी'चा आराखडा लांबच्या सफरीसाठीचा आहे. दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर 2024 ते मे 2025 या काळात तिच्यावरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिथे कस लागला तो टिकण्याचा.

कुटुंबाने काय विचारावं?

शर्यतीतून बाहेर पडलेल्या अनेक नौका पुढे कुटुंबांकडे किंवा भाड्याने देणाऱ्यांकडे जातात. मे 2014 मध्ये 'चीकी राफिकी' ही 40 फुटी नौका अँटिग्वातली शर्यत संपवून ब्रिटनला परतत होती. अटलांटिकमध्ये तिची कील सुटली आणि चारही जण गेले. आधी तळाला बसलेले धक्के आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी कीलची जोडणी कमकुवत झाली असावी, असं ब्रिटिश चौकशीत म्हटलं होतं. असं नुकसान वरून दिसेलच असं नाही.

म्हणून जुनी वेगवान नौका घेताना तीन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. ती किती अंशांपर्यंत कलून स्वतः सरळ होते? कील कधी जमिनीला आपटली आहे का, आणि दुरुस्तीची नोंद आहे का? दोघांना ती वाऱ्यात सांभाळता येते का?

किती शर्यती जिंकल्या, हा प्रश्न त्यानंतरचा.