गाडी ‘ऑटोमॅटिक’ आहे, पण नेमकी कोणती?

घरातल्या एसयूव्हीचा गिअरबॉक्स कोणता, असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? ‘ऑटोमॅटिक आहे’ इतकंच ना? पण वाचकहो, हे उत्तर अर्धवट आहे.

२०२४ मध्ये नव्या रूपात आलेली ह्युंदाई क्रेटा पाहा. नाव एकच, पण ऑटोमॅटिक तीन प्रकारचे. साध्या पेट्रोल इंजिनाला सीव्हीटी, टर्बो पेट्रोलला ७ गिअरचा डीसीटी आणि डिझेलला ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. म्हणजे शेजाऱ्यांची क्रेटा आणि तुमची क्रेटा बाहेरून सारखी दिसली, तरी आतून वेगळी असू शकते. मग ओळखायचं कसं?

आधी पायाशी बघा

तीन पेडल असतील तर गाडी मॅन्युअल. दोनच असतील तर बहुधा ऑटोमॅटिक. बहुधा म्हणायचं कारण म्हणजे आयएमटी. २०२० पासून ह्युंदाई व्हेन्यू आणि किआ सोनेटच्या काही मॉडेल्समध्ये तो मिळू लागला. त्यात क्लचचं पेडल नसतं, पण गिअर आपल्या हातानेच टाकावे लागतात.

मग लिव्हर बघा

दोन पेडल आहेत, पण लिव्हरजवळ पार्किंगचा ‘पी’ नाही? मग तो बहुतेक वेळा एएमटी असतो. हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं ही कामं यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओने तो घराघरांत पोहोचवला. ‘पी’ असेल, तर सहसा उरलेल्या तिघांपैकी एक.

आता चालवून बघा

• गिअर बदलताना क्षणभर ओढ कमी होऊन मान किंचित पुढे जाते : एएमटी.
• ॲक्सिलरेटर जोरात दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो, वेग मागून येतो : सीव्हीटी.
• गिअर झटपट बदलतात, पण मुंगीच्या गतीने जाताना गाडी थोडी अडखळते : डीसीटी.
• ब्रेक सोडला की गाडी अलगद पुढे सरकते, गिअर बदललेला फारसा जाणवत नाही : टॉर्क कन्व्हर्टर.

मात्र हा नुसता अंदाज. काही सीव्हीटी गिअर बदलल्याचा आभासही देतात. पक्कं उत्तर गाडीसोबत आलेल्या माहितीपुस्तकात मिळेल. आपल्या इंजिनासमोर कोणता गिअरबॉक्स लिहिलाय ते पाहा. पुस्तक हरवलं असेल तर चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

एवढा खटाटोप कशासाठी?

पहिलं कारण तेल. सीव्हीटीचं तेल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं. चुकीचं भरलं तर गिअरबॉक्स खराब होऊ शकतो आणि त्याची दुरुस्ती खिशाला जड जाते.

दुसरं कारण चढ. एएमटी किंवा डीसीटी असलेली गाडी चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर थोपवून धरू नका, क्लच तापतो. त्यासाठी ब्रेकच वापरा. एएमटीला ‘पी’ नसेल तर उतारावर नुसतं ‘न्यूट्रल’ करून उतरू नका. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करा. गाडीत मुलं बसलेली असतील तेव्हा तर हे विसरूच नका.

तिसरं कारण सेकंड हँड खरेदी. विकणारा फक्त ‘ऑटोमॅटिक’ म्हणेल. पण जुन्या डिझेल व्हिटारा ब्रेझात एएमटी होता, तर २०२० मध्ये आलेल्या पेट्रोल ब्रेझात ४ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. दोन्हींचा स्वभाव वेगळा, देखभाल वेगळी. म्हणून इंधन आणि वर्ष विचाराच, पण गिअरबॉक्सचा प्रकार लेखी मागा. ट्रायल घेताना थोडा चढ आणि थोडं ट्रॅफिक असलेला रस्ता निवडा. मोकळ्या हायवेवर चारही प्रकार गुणी वाटतात!

आज गाडीत बसाल तेव्हा दोन मिनिटं काढून एवढं बघा. उत्तर मिळालं की घरात जे जे गाडी चालवतात, त्या सगळ्यांना सांगून ठेवा.