कुत्र्याला घास घालण्याआधी विचारा

आमच्या गावात कुत्र्याला खायला घालताना कोणी विचार करत नाही. उष्टी चपाती, उरलेली खिचडी, मटणाची हाडं, बिस्किटाचा चुरा, जे उरेल ते त्याच्यापुढं टाकतात. "कुत्र्याच्या पोटाला काय होतंय?" असं मोठी माणसंही म्हणतात. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगतो.

आमचा खंड्या तीन वर्षांचा आहे. मागच्या पावसाळ्यापासून तो सारखा कान खाजवायचा, पाय चाटायचा. पोटाखालचे केस गेले. आठवड्यातून दोन-तीनदा जुलाब व्हायचे. गल्लीतले एक आजोबा म्हणाले, "खरूज आहे, गाडीचं जळकं तेल लावा." आई म्हणाली, "तेल नको, ते अंग चाटतंय, सगळं पोटात जाईल." मग आण्णा आणि मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले.

डॉक्टरसाहेबांनी आधी पिसवा, गोचीड आणि खरूज आहे का ते पाहिले. जंताचे औषध दिले. तरी खाज थांबली नाही. तेव्हा ते म्हणाले, "याला एखादं खाणं सोसत नसेल. माणसासारखी कुत्र्यालाही ॲलर्जी असते. दूध, कोंबडी, गहू अशा रोजच्या खाण्याचीसुद्धा असते. रक्त तपासून ते नक्की कळत नाही." यावर त्यांनी एकच उपाय सांगितला. आठ आठवडे त्याला पूर्वी कधी न खाल्लेले खाणे द्यायचे, आणि दुसरे काहीही द्यायचे नाही. म्हणून आम्ही उकडलेले रताळे आणि काटे काढलेला उकडलेला मासा द्यायला लागलो. मीठ नाही, मसाला नाही.

दिवाळीनंतर आम्ही सुरुवात केली. चौथ्या आठवड्यात खाज कमी झाली. पाचव्या आठवड्यात परत वाढली. आईने सगळ्या गल्लीला विचारले. आजीलाही विचारले. सगळे नाही म्हणाले. शेवटी मी रडलो आणि खरं सांगितलं. बिस्कीट मीच दिलं होतं. मी खात होतो आणि तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, एका बिस्किटानं काय होतंय? डॉक्टरसाहेब म्हणाले, "आता पुन्हा पहिल्यापासून मोजा." माझ्या एका बिस्किटामुळे खंड्याचे पाच आठवडे वाया गेले.

दुसऱ्या खेपेला आठ आठवडे पुरे झाले. कान बरे झाले, केस आले, जुलाब थांबले. मग एकेक जिन्नस देऊन पाहिला. ज्वारीची भाकरी दोन आठवडे दिली, काही झाले नाही. नंतर चपाती दिली, तर चौथ्या दिवशी कान लाल झाले. म्हणजे त्याला गहू चालत नाही. बिस्कीटही गव्हाचेच असते. कोंबडीचे अजून पाहायचे आहे.

दुधाचे वेगळे आहे. पिल्लाला आईचे दूध पचते, पण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध नीट पचत नाही आणि जुलाब होतात. ती ॲलर्जी नव्हे, ते न पचणे आहे. आणि काही जिनसा तर सगळ्याच कुत्र्यांना वाईट. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट त्यांना विषासारखे आहे. आपल्या खिचडीत, रश्शात कांदा-लसूण असतोच. शिजवलेल्या हाडाची टोकदार कपची निघते आणि आतड्याला लागते. उलटी सारखी होत असेल किंवा शीत रक्त दिसले तर घरी औषध करत बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

माझी आजी म्हणते, मुक्या जिवाला घास घालणं पुण्याचं काम आहे. ते खरंच आहे. पण त्या घासानं तो रात्रभर खाजवत बसला तर ते पुण्य कसलं? खंड्याला बोलता येत नाही. तो समोर येईल ते खातो आणि शेपूट हलवतो. म्हणून विचार आपणच करायला पाहिजे.

माझे मत असे आहे की, दुसऱ्याच्या कुत्र्याला काही घालण्याआधी त्याच्या घरी विचारावे. ज्या कुत्र्याला मालक नाही त्याला कांदा-मसाल्याचे न घालता साधी भाकरी आणि पाणी ठेवावे. घरात एकाने नेम धरून चालत नाही, सगळ्यांनी धरावा लागतो. पालकांनीही लक्ष द्यावे.

यंदा शिमग्याला आमच्या घरी पुरणपोळी झाली. खंड्या दारात बसून बघत होता. मला वाईट वाटलं, पण मी दिली नाही. भाकरी दिली. तो ती खाऊन गाढ झोपला. माझ्या वर्गमित्रांनो, खंड्या शाळेच्या फाटकाशी आला तर त्याला बिस्कीट देऊ नका. त्याच्या पाठीवरून हात फिरवा, तेवढ्यानंही तो खूश होतो.

— इयत्ता चौथी