कात्रीने कापलेली गोळी

हरसूलजवळच्या खोरीपाड्यात वन विभागाने गावकऱ्यांना हाताशी धरून गिधाडांसाठी ‘उपाहारगृह’ चालवलं, हे नाशिककरांना ठाऊक आहे. गिधाडांवर ही वेळ आणली ती गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने. त्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं बंद पडली, आतड्या-काळजावर युरिक ॲसिडचा पांढरा थर साचला. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. माणसांसाठी ते ‘शेड्यूल एच’मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. प्रत्यक्षात ‘दुखण्याची गोळी द्या’ एवढं म्हटलं तरी काम होतं.

माणूस म्हणजे गिधाड नव्हे. धडधाकट माणसाचं मूत्रपिंड दोन दिवसांची गोळी सहसा निभावून नेतं. काळजी आहे ती लासिक्स या लघवीच्या गोळीवर असलेल्या आजी-आजोबांची. सूज उतरत आलेली असते आणि अचानक घोट्यावर बोट दाबलं की पुन्हा खळगा पडू लागतो. घरचे म्हणतात, लघवीच्या गोळीची सवय झाली. डॉक्टर डोस वाढवतात. गुडघ्यासाठी परस्पर आणलेल्या गोळीचा विषयच निघत नाही.

आत काय घडतं ते पाहू. लासिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून फिरतं, त्यामुळे मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते जवळजवळ उतरतच नाही. काम मात्र नलिकेच्या आतूनच करायचं असतं: मीठ रक्तात परत ओढणारा पंप तिथे आहे. मग नलिकेच्या सुरुवातीच्या पेशींमधले वाहक त्याला रक्तातून उचलून आत सोडतात. चैत्रात नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणाऱ्या एसटीसारखी ही सोय आहे, जागा मोजक्या. दुखण्याची गोळी त्याच गाडीत चढते, गाउटवरचं प्रोबेनेसिडही चढतं. किडनी कमजोर असेल तर रक्तात साचलेली आम्लंही जागा अडवतात, म्हणून अशा रुग्णाला लासिक्स मुळातच जास्त लागतं.

तरी खरा घाव दुसरीकडेच बसतो. रक्तपुरवठा कमी पडू लागला की मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिन तयार करून रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवतं, आणि त्याच्याच जोरावर मीठ बाहेर टाकतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक नेमकं तेच बनू देत नाहीत. मग लासिक्स जागेवर पोचूनही हतबल. त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर गाळणीतून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीचा आवळही सैल झालेला असतो आणि गाळणीतला दाबच कोसळतो. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख रुग्णांच्या नोंदी तपासून ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१३ मध्ये छापलं होतं: बीपीची अशी गोळी आणि लघवीची गोळी यांच्या जोडीला वेदनाशामक आलं की मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका ३१ टक्क्यांनी वाढतो, आणि पहिल्या तीस दिवसांत तर ८० टक्क्यांच्या वर. स्पिरोनोलॅक्टोन ही लघवीची दुसरी गोळी घेणाऱ्यांना आणखी एक भीती: रक्तातलं पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ते चढताना आधी काही जाणवेलच असं नाही.

आता हे आपल्या जिल्ह्यात आणून पाहा. चैत्रोत्सवाला खानदेशातून सप्तशृंगगडाकडे पायी निघालेली माणसं, डोक्यावर ऊन, पोटात पाणी कमी, पिंढऱ्या भरून आलेल्या. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीच्या दिवसांत दिवसभर हात वर करून खांदे गेलेले मजूर. घामाने रक्तातलं पाणी आधीच उतरलेलं असतं, म्हणजे मूत्रपिंड प्रोस्टाग्लँडिनवरच तगून असतं. नेमक्या त्याच वेळी गोळी घेतली जाते.

आणि ती गोळी येते कशी? दुकानदार कात्रीने पट्टीतून दोन-चार गोळ्या कापून देतो. नाव आणि मुदतीची तारीख दुकानातल्या तुकड्यावर राहते. डॉक्टरांनी विचारलं तर रुग्ण सांगतो, ‘ती पिवळी, बारकी.’ सगळा दोष रुग्णाच्या अडाणीपणावर ढकलणं मला म्हणूनच पटत नाही. नाव त्याच्या हातात दिलंच कुठे?

औषध दुकानदारांना विनंती आहे: दुखण्याची गोळी मागणाऱ्या वयस्क गिऱ्हाइकाला ‘लघवीची किंवा बीपीची गोळी चालू आहे का’ एवढं विचारा, ‘हो’ आलं तर डॉक्टरांकडे पाठवा, आणि कापून देताना पाकिटावर नाव लिहा. वाचकांनी लासिक्स किंवा बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, हृदयासाठी दिलेली छोटी ॲस्पिरिनही नाही. गुडघा दुखतोय हे डॉक्टरांना सांगा. पॅरासिटामॉलने भागेल का, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं का, हे त्यांना ठरवू द्या. पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, बिननावाचे कापलेले तुकडेसुद्धा.